खर्रा आणि तिसरं गुणसूत्र

भंडारा जिल्ह्यात पानठेला उघडला की खर्रा घोटायला सुरुवात होते. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घ्यायचा, ती पन्नी फळीवर जोर लावून घासत राहायची, आणि सुपारी मऊ होऊन तिन्ही एकजीव झालं की पुडी बांधून द्यायची. ही पुडी मग दिवसभर पुरवून खाल्ली जाते. पवनी-लाखांदूरकडे धानाच्या बांधीत, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत, साकोलीच्या बसस्थानकावर, झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसलेल्या प्रेक्षकांत, सगळीकडे ती सापडते. खाणारा चिमूटभर खर्रा गालफडात, हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खाचेत ठेवतो. बहुतेकांची बाजू ठरलेली असते. डावी तर वर्षानुवर्षं डावी.

पुढे कर्करोग झालाच तर तो बहुधा त्याच बाजूला होतो. हे डॉक्टरांना शंभराहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. मला इथे सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. गाठ दिसत नाही, दुखत नाही, जेवताना फक्त थोडं तिखट झोंबतं, त्या वर्षांमध्ये गालाच्या आतल्या पेशींत काय घडत असतं? उत्तराचा एक मोठा भाग आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका ठिसूळ जागेपाशी सापडतो.

गालाचं आतलं अस्तर सतत झिजतं आणि साधारण दोन आठवड्यांत नवं होतं. म्हणजे तळाच्या थरातल्या पेशींना अखंड विभागत राहावं लागतं. प्रत्येक विभाजनाआधी पेशी आपल्या सेहेचाळीस गुणसूत्रांतला सगळा डीएनए, सुमारे सहा अब्ज अक्षरं, एकदा आणि एकदाच उतरवून काढते. या कामाला साधारण आठ तास लागतात. उतरवताना चुका होतात, त्या दुरुस्त करणारी प्रथिनंही पेशीत असतात, आणि बहुतेक वेळा सगळं ठीक पार पडतं.

१९८४ मध्ये अमेरिकेत थॉमस ग्लोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामात मुद्दाम थोडा अडथळा आणून पाहिला. ॲफिडिकोलिन नावाचं एका बुरशीपासून मिळणारं रसायन डीएनए उतरवणाऱ्या यंत्रणेला मंदावतं. त्यांनी ते अगदी कमी मात्रेत वापरलं, काम थांबणार नाही पण रेंगाळेल इतकंच. मग पेशी विभाजनाला आल्या तेव्हा गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांवर फटी होत्या, काही ठिकाणी सरळ तुकडे पडलेले होते. या फटी कुठेही विखुरलेल्या नव्हत्या. त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा दिसत होत्या, आणि वेगवेगळ्या माणसांच्या पेशींतही त्याच जागी. सर्वांत जास्त वेळा तुटणारी जागा होती तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर. शास्त्रीय भाषेत तिला 'फ्रा-३बी' म्हणतात.

इथे एक फरक सांगायला हवा. ठिसूळ जागांचा एक दुर्मीळ प्रकार फक्त काही कुटुंबांत आढळतो. एक्स गुणसूत्रावरची अशी जागा मुलांमधल्या बौद्धिक मंदत्वाचं एक मोठं आनुवंशिक कारण आहे. फ्रा-३बी त्या प्रकारातली नाही. ती सगळ्यांकडे आहे. तुमच्याकडे, माझ्याकडे, खर्रा खाणाऱ्याकडे आणि आयुष्यात सुपारीही न चघळलेल्याकडे. हा दोष नाही, माणसाच्या गुणसूत्राची ही घडणच आहे.

ती अशी का घडली आहे, याचं उत्तर मिळायला पुढची पंचवीसेक वर्षं लागली. भंडाऱ्याच्या वाचकाला ते रोवणीच्या उदाहरणानं चटकन कळेल. पेशी डीएनए उतरवायला एका टोकाकडून सुरुवात करत नाही. एकाच विभाजनात ती तीस ते पन्नास हजार ठिकाणी सुरुवात करते. प्रत्येक ठिकाणाहून दोन टोळ्या विरुद्ध दिशांना निघतात आणि समोरून येणाऱ्या टोळीला भेटल्या की तेवढा भाग पूर्ण होतो. आता अशी बांधी कल्पा, जी जिल्ह्यात सगळ्यांत लांब आहे, जिच्या मध्ये कुठेच टोळी उतरवता येत नाही, फक्त दोन्ही धुऱ्यांवरून उतरता येतं, आणि जिच्याकडे बाया वळतात तेव्हा दुपार कलून गेलेली असते. एरवी त्या झपाट्यानं रोवत अंधार पडायच्या आत मधोमध भेटतात. पण पऱ्हे वेळेवर पोचले नाहीत, चिखलात दगड निघाले, तर संध्याकाळी मधला पट्टा रिकामा राहतो.

हे आकड्यांतही मांडता येतं. पॅरिसमध्ये मिशेल देबातीस यांच्या गटानं २०११ मध्ये दाखवलं की रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींत फ्रा-३बीच्या गाभ्यात सुमारे सात लाख अक्षरांच्या लांबीत सुरुवातीचं एकही ठिकाण नसतं. उतरवण्याचा वेग मिनिटाला दीड-दोन हजार अक्षरं धरला, तर दोन्ही बाजूंनी साडेतीन-साडेतीन लाख अक्षरं पार करायला तीन ते चार तास हवेत. आणि हा भाग पूर्ण होतो तो आठ तासांच्या अगदी शेवटी. त्याच अभ्यासात असंही दिसलं की दुसऱ्या ऊतीच्या पेशींत सुरुवातीची ठिकाणं वेगळी असतात, म्हणून तिथल्या ठिसूळ जागाही वेगळ्या असतात. ठिसूळपणा फक्त अक्षरांच्या क्रमात नसतो, ती पेशी तो क्रम कशी हाताळते यावरही तो ठरतो.

दुसरं कारण त्याच वर्षी पुढे आलं. ठिसूळ जागांवर बहुतेकदा राक्षसी लांबीची जनुकं बसलेली असतात. आठ लाख अक्षरांहून लांब जनुक वाचून त्याचा आरएनए तयार करायला पेशीच्या एका पूर्ण विभाजनचक्राएवढा किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे जनुक वाचणारं यंत्र अजून वाटेत असतानाच त्याच पट्टीवर डीएनए उतरवणारं यंत्र येतं, आणि त्यांची टक्कर टळत नाही.

पेशी मात्र काम पुरं होण्याची वाट नेहमीच बघत नाही. मधला पट्टा अर्धवट असतानाही ती विभाजनाला लागते, गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात आणि न उतरलेल्या भागात ताण येऊन तुटतात. दुरुस्तीची प्रथिनं तुटलेली टोकं पकडून जोडतात. जोडताना मधला हजारो, कधी लाखो अक्षरांचा तुकडा गळून पडतो. गुणसूत्र वरवर पुन्हा अखंड होतं, पण तो तुकडा त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांतून कायमचा गेलेला असतो.

त्या तुकड्यात काय होतं, हे १९९६ मध्ये कळलं. फिलाडेल्फियात कार्लो क्रोचे आणि के ह्यूबनर यांच्या गटानं फ्रा-३बीवर बसलेलं जनुक शोधून काढलं. एफएचआयटी हे त्याचं नाव, संशोधक बोलताना त्याला 'फिट' म्हणतात. या जनुकाची रचना पाहिली की थक्क व्हायला होतं. ते पसरलेलं आहे सुमारे पंधरा लाख अक्षरांवर. त्यापासून तयार होणारं प्रथिन आहे अवघ्या १४७ अमिनो आम्लांचं, म्हणजे त्यासाठी लागणारी कामाची अक्षरं ४४४. ही ४४४ अक्षरं पंधरा लाखांच्या पसाऱ्यात पाच तुकड्यांत विखुरलेली आहेत. मधल्या भागातून कुठलाही मोठा लचका गेला की एखादा तुकडा जाण्याची भीती असते, आणि एक तुकडा गेला की प्रथिन बनत नाही.

फिटपर्यंत पोचण्याची वाट एका कुटुंबाच्या दुखण्यातून गेली होती. १९७९ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी एका घराण्याची हकीकत प्रसिद्ध केली. तीन पिढ्यांत दहा जणांना मूत्रपिंडाचा कर्करोग झाला होता, आणि तिसऱ्या व आठव्या गुणसूत्रांनी आपले तुकडे आपसांत बदललेले होते. तिसऱ्या गुणसूत्रावरचा तुटण्याचा बिंदू फिट जनुकाच्या आतच निघाला. शोध लागला तेव्हा कर्करोगाला अटकाव करणारं एक मोठं जनुक हाती आलं असं वाटणं साहजिक होतं.

अशा जनुकांबद्दलची मूळ कल्पना आल्फ्रेड नूडसन यांची. १९७१ मध्ये त्यांनी लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाचा अभ्यास करून मांडलं की आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची, आणि पेशीला बेलगाम वाढू न देणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच गाठ वाढू लागते. अशा जनुकांना अर्बुदरोधक जनुकं म्हणतात. त्यांतलं सगळ्यांत जास्त अभ्यासलं गेलेलं म्हणजे पी-५३. ते बिघडतं तेव्हा बहुतेकदा एखाददुसरं अक्षर बदललेलं असतं, आणि तो बदल ठळकपणे शोधता येतो.

फिटचं तसं नाही, म्हणून शास्त्रज्ञांमध्ये वाद झाला. मला तो विज्ञानातला एक अत्यंत सचोटीचा वाद वाटतो. फुफ्फुसाच्या, तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कर्करोगांत फिटचे तुकडे गळालेले सापडत होते, पण एखाद्या अक्षराचा बदल जवळपास कुठेच सापडत नव्हता. मग शंका घेणाऱ्यांनी विचारलं, की ही जागा मुळातच ठिसूळ आहे, कर्करोगाच्या पेशीत सगळंच मोडतं, तेव्हा इथेही मोडणारच. फिटचं जाणं हे कर्करोगाचं कारण कशावरून? कदाचित तो नुसता परिणाम असेल. १९९८ मध्ये त्या बोस्टनच्या कुटुंबाबाबतही पेच उभा राहिला. आठव्या गुणसूत्रावरचा तुटण्याचा बिंदू ज्या जनुकात पडला होता, त्या जनुकावरही संशय घ्यायला जागा होती. पुढे २०१० मध्ये शेकडो कर्करोग-पेशींच्या तपासणीतून हेही दिसलं की ठिसूळ जागांवरची गळती आणि खऱ्या अर्बुदरोधक जनुकांची गळती यांची ठेवण वेगवेगळी असते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही ठोस होता. २००० साली फिटच्या दोनपैकी एक प्रत काढून टाकलेल्या उंदरांना नायट्रोसामाइन वर्गातलं एक रसायन अगदी थोड्या मात्रेत दिलं गेलं. साध्या उंदरांपैकी चौथ्या हिश्शात जठराच्या पुढच्या भागात गाठी आल्या. एक प्रत कमी असलेल्या उंदरांपैकी प्रत्येकाला आल्या, त्याही अनेक. विषाणूच्या मदतीनं फिट परत पोचवल्यावर अशा उंदरांतल्या गाठी कमी झाल्या. नायट्रोसामाइन हा शब्द लक्षात ठेवा, खर्ऱ्याकडे परतल्यावर तो पुन्हा येईल.

वादाची कोंडी फोडणारं काम २०१२ मध्ये ह्यूबनर यांच्याच गटानं केलं. फिट गेलं की पेशीतलं थायमिडीन कायनेज नावाचं विकर कमी होतं. हे विकर डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाचा कच्चा माल पुरवायला मदत करतं. कच्चा माल कमी पडला की उतरवण्याचं काम सगळीकडेच मंदावतं, आणि मग बाकीच्या ठिसूळ जागाही तुटू लागतात. म्हणजे फिट पेशीची वाढ थेट रोखत नाही, ते गुणसूत्रांची निगा राखतं. ते गेल्यानं त्याच दिवशी कर्करोग होत नाही. पण त्या पेशीच्या वंशात पुढच्या चुका भराभर साचू लागतात आणि त्यांतली एखादी पी-५३ वर पडते. माझ्या मते कारण की परिणाम हा प्रश्न इथे अपुरा ठरतो. फिटचं तुटणं आधीच्या ताणाचा परिणाम असतं आणि पुढच्या नुकसानाचं कारणही.

ठिसूळ जागेवरचं हे एकच जनुक नाही. सोळाव्या गुणसूत्रावर 'वॉक्स' आहे, २००० साली टेक्सास आणि ॲडलेड इथल्या गटांनी जवळपास एकाच वेळी शोधलेलं, तेही दहा लाखांहून अधिक अक्षरांवर पसरलेलं. सहाव्यावर पार्किन आहे, ज्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर तरुणपणीच कंपवात होऊ शकतो. वॉक्सच्या दोन्ही प्रती जन्मतःच बिघडलेल्या मुलांना गंभीर अपस्मार होतो. उत्क्रांतीनं ही जनुकं जपून ठेवली, कारण शरीराला त्यांची नितांत गरज आहे. ती इतकी लांब असणं हीच त्यांची अडचण.

आता गालफडातल्या खर्ऱ्याकडे येऊ. तंबाखूत तिचे स्वतःचे नायट्रोसामाइन असतात, ते तंबाखू वाळवताना आणि मुरवतानाच तयार होतात. सुपारीतल्या ॲरिकोलिनपासून तोंडात वेगळे नायट्रोसामाइन तयार होऊ शकतात. चुन्यानं लाळ अल्कधर्मी झाली की सुपारीतल्या पॉलिफेनॉलांपासून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू सुटतात. हे सगळे रेणू डीएनएच्या अक्षरांना चिकटतात किंवा त्यांना जाळतात, आणि उतरवणारं यंत्र अशा प्रत्येक अक्षरापाशी अडखळतं. त्यात सुपारीच्या तुकड्यांनी अस्तर सतत खरवडलं जातं, म्हणून तळाच्या पेशींना नेहमीपेक्षा जास्त वेळा विभागावं लागतं. काम मंद आणि तेच पुन्हा पुन्हा. ग्लोव्हर यांनी प्रयोगशाळेत ॲफिडिकोलिननं जी परिस्थिती ओढवली, तिच्याशी मिळतीजुळती परिस्थिती खर्रा खाणाऱ्याच्या गालात दिवसाचे कित्येक तास असते.

तंबाखू आणि ही जागा यांचं नातं आधी फुफ्फुसात दिसलं. १९९७ मध्ये इटलीतल्या गॅब्रिएला सोझी यांच्या गटानं फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण तपासले, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांच्या गाठीत फिटची एक प्रत गेलेली होती. कधीच न ओढणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. डोकं आणि मान यांच्या कर्करोगांत फिट बिघडलेलं असतं हे १९९६ मध्येच क्रोचे यांच्या गटानं दाखवलं होतं.

आपल्याकडेही गुणसूत्रांच्या या मोडतोडीचे पुरावे जुने आहेत. अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९२ मध्ये दाखवलं की तंबाखूशिवाय नुसती सुपारी चघळणाऱ्यांच्याही पेशींत गुणसूत्रं जास्त तुटलेली असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रातल्या रजनी भिसे आणि मनोज महिमकर यांनी १९९५ मध्ये बिडीच्या तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांचं रक्त तपासलं. तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या रक्तपेशींतही मोडलेल्या गुणसूत्रांचं प्रमाण वाढलेलं होतं. भंडारा आणि गोंदिया हा एकेकाळचा एकच जिल्हा तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, पण दोन्हीकडे आजही बाया घरी बसून बिड्या वळतात. त्या अभ्यासाकडे मला म्हणूनच विशेष आस्थेनं पाहावंसं वाटतं. त्यात तंबाखू खाण्याचा नव्हे, तिच्या सहवासात पोट भरण्याचा परिणाम मोजलेला आहे.

२०१३ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी एक मोठं काम पूर्ण केलं. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची संस्था आणि नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटाचं ॲक्ट्रेक केंद्र यांनी मिळून हिरडी-गालाच्या कर्करोगाची, म्हणजे नेमकी खर्ऱ्याच्या खाचेतल्या कर्करोगाची, जनुकीय यादी तयार केली. पी-५३, फॅट-१, कॅस्पेस-८, नॉच-१ ही नावं तीत ठळक आहेत. फिट नाही. हे वाचून फिटचा तोंडाच्या कर्करोगाशी संबंध नसावा असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो. ती तपासणी जनुकांच्या कामाच्या अक्षरांतले बदल टिपण्यासाठी केलेली होती. फिटमध्ये अक्षर बदलत नाही, लांबच लांब तुकडा गळतो, आणि तो बऱ्याचदा कामाच्या तुकड्यांच्या मधल्या भागातून गळतो. असली गळती शोधायला गुणसूत्राच्या प्रती मोजणारी वेगळी पद्धत लागते. पांढऱ्या चट्ट्यापासून वाढलेल्या गाठीपर्यंत गुणसूत्रांचे कोणते भाग वाढतात आणि कोणते गळतात, याचा त्या पद्धतीनं अभ्यास महिमकर यांच्या गटानं पुढे केला आहे.

पांढरा चट्टा, म्हणजे ल्युकोप्लाकिया. घासून जात नाही, दुखत नाही, बहुतेकांना आरसा पाहूनही लक्षात येत नाही. ह्यूस्टनमध्ये १९९६ साली ली माओ आणि सहकाऱ्यांनी असे चट्टे असलेल्या ३७ जणांच्या पेशी तपासल्या. नवव्या गुणसूत्रावरची एक जागा आणि तिसऱ्यावरची ही फ्रा-३बीची जागा, एवढ्या दोनच जागा त्यांनी पाहिल्या. १९ जणांत तिथली प्रत गेलेली होती, १८ जणांत शाबूत होती. पुढच्या काही वर्षांत पहिल्या गटातल्या सात जणांना कर्करोग झाला, दुसऱ्यातल्या एकाला. व्हँकुव्हरमध्ये मिरियम रोझिन यांनी २००० साली सौम्य दिसणाऱ्या चट्ट्यांवर असंच काम केलं. तिसऱ्या आणि नवव्या गुणसूत्रांच्या त्या जागा शाबूत असलेल्यांत कर्करोग क्वचितच झाला. त्या जागांबरोबर इतरही गुणसूत्रांचे भाग गेलेले असतील, तर धोका ३३ पटींपर्यंत चढला. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही चट्टे सारखेच दिसत होते. फरक गुणसूत्रात होता.

२००५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी या सगळ्याला एकत्र बांधणारा पुरावा दिला. कर्करोगाआधीच्या अगदी सुरुवातीच्या घावांमध्येच पेशीची 'डीएनए तुटतोय' ही धोक्याची यंत्रणा चेतलेली असते, आणि त्या टप्प्यावर पहिली गळती ठिसूळ जागांवर दिसते.

एवढं कळल्यावर औषधानं ही वाट अडवता येईल का, असा प्रयत्न झाला. अमेरिकेत चट्टे असलेल्या ज्या लोकांत गुणसूत्रांची अशी गळती सापडली, त्यांतल्या १५० जणांना एर्लोटिनिब हे औषध किंवा त्याच्यासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली गेली. २०१६ मध्ये निकाल आला. औषधाचा फायदा झाला नाही. गळती असलेल्यांना धोका जास्त असतो, हे मात्र त्याच अभ्यासात पुन्हा सिद्ध झालं. गळून गेलेला डीएनए परत घालणारं औषध आज माणसाकडे नाही.

खर्ऱ्याचा दुसरा परिणाम विदर्भात चट्ट्याहूनही जास्त ओळखीचा आहे. गालाखालचा थर घट्ट होत जातो, तोंड उघडेनासं होतं, तिखट सहन होत नाही. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या रोगाला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. मूळ कारण सुपारी. तिच्यातले घटक आणि तांबं गालातल्या कोलॅजनचे धागे वाढवतात आणि एकमेकांना घट्ट जोडतात. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात डॉ. विनय हजारे आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मध्य भारतातल्या अशा एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसती संख्या पाहिली तरी या भागात हा रोग किती पसरला आहे ते कळतं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षं माग ठेवला गेला, त्यांतल्या ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला.

महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैपासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. खर्ऱ्याला कारखाना नाही, ब्रँड नाही, तो ठेल्यावर हातानं घोटला जातो, म्हणून बंदी राबवणारे हात त्याच्यापर्यंत पोचताना थकतात. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं शासन आणि टाटा ट्रस्ट्सबरोबर २०१६ पासून तंबाखू सोडवण्यासाठी 'मुक्तिपथ' नावाचा जिल्हाव्यापी कार्यक्रम चालवला. भंडाऱ्याला त्याहून जवळचं उदाहरण नाही.

गावातल्या माणसाची गुणसूत्रं तपासायची गरज आहे का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायतींत १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर गेले आणि उजेडात तोंड उघडून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. २००५ मध्ये आलेल्या निकालानुसार तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसाला तोंड उघडायला सांगते, आपली तीन बोटं एकावर एक उभी करून दातांच्या मध्ये जातात का ते बघायला लावते, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर पुढे पाठवते. हे काम याच पुराव्यावर उभं आहे. चट्टा धोक्याचा की साधा, हे ठरवायला मोठ्या केंद्रात गुणसूत्रांच्या चाचणीचा उपयोग होईल. पण चट्टा सापडतो तो आधी गावात.

सवय सोडली तर काय होतं, याचंही उत्तर आपल्याच देशात शोधलं गेलं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता यांच्या दंतसंशोधन विभागानं एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतल्या ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना घरी जाऊन सवय सोडण्यासाठी समजावलं आणि त्यांची तोंडं दरवर्षी तपासली. पाच वर्षांचे निकाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी तंबाखू सोडली त्यांच्यात नवे पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण घटलं. गळालेला फिटचा तुकडा त्या पेशींत परत आला नव्हता, येऊही शकत नाही. पण अस्तर दर दोन आठवड्यांनी नवं होत असतं, आणि रोजचा मारा थांबला की शाबूत गुणसूत्रांच्या पेशींना ती जागा परत मिळवण्याची संधी मिळते. धूम्रपान सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत असंच होतं, हे लंडन आणि केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये पेशी एकेक करून वाचून दाखवलं. ताठरलेला गाल मात्र खर्रा सोडल्यावरही पूर्वीसारखा मऊ होत नाही. कोलॅजनचे धागे एकदा जोडले गेले की तसेच राहतात. तोंडात तीन बोटं जाईनाशी झालेल्या माणसाचा आजार पुढे वाढायचा थांबू शकतो, पण त्याचं तोंड बहुधा तेवढंच उघडतं, आणि चट्टा विरला तरी दर सहा महिन्यांनी त्याचा गाल तपासत राहावा लागतो.